चौदा बाय नऊ

आठ आण्यांचं नाणं आज वलगावच्या फाट्यावर कोणी हातात घेणार नाही. चहाच्या टपरीवर ते पुढे केलंत, तर टपरीवाला आधी नाण्याकडे आणि मग तुमच्याकडे बघेल. टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड मात्र अजूनही आठ आण्यांचंच आहे. सुट्ट्या पैशांची पंचाईत नको म्हणून लोक दोन घेतात आणि रुपया देतात. तिकीट कार्डावरच छापलेलं असल्याने वेगळा खर्च नाही. त्यावर अमरावतीचा पत्ता लिहिला, तर कार्ड दहाएक किलोमीटर जाईल. हिमाचलातल्या स्पीती खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवरचं हिक्किम गाव लिहिलं, तर तिथेही जाईल. दोन्हींना दर एकच!

या आठ आण्यांत काय काय होतं बघा. वलगावच्या लाल पेटीतून निघालेलं कार्ड शिक्का खातं, थैलीत बसतं, अमरावतीला पोचतं. पुढे रेल्वे, मोटार, कधी विमान. वाटेत किती तरी अनोळखी हात त्याचा पत्ता वाचून त्याला योग्य खणात टाकतात आणि शेवटी एक पोस्टमन ते दारात आणून देतो. देशात १ लाख ६४ हजारांहून जास्त टपाल कार्यालयं आहेत; जगात एवढं मोठं जाळं दुसऱ्या कोणत्याही देशाकडे नाही. खात्याच्या २०१६-१७ च्या हिशेबानुसार एका पोस्टकार्डामागे सरासरी १२ रुपये १५ पैसे खर्च येत होता आणि मिळत होते ५० पैसे. बाकीचे साडेअकरा रुपये खातं निमूटपणे सोसत होतं. आपली खुशाली कळवायला अख्खा देश वर्गणी काढतो, असंच म्हणायचं की!

ही कल्पना निघाली एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या डोक्यातून. ऑस्ट्रियातल्या इमानुएल हेरमान यांनी जानेवारी १८६९ मध्ये व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘पोचलो’, ‘माल पाठवा’, ‘गुरुवारी येतो’ एवढंच कळवायचं असताना कागद, पाकीट, लाख, मायना यांचा सोहळा कशाला? त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं पोस्टकार्ड विक्रीला आलं. आता हा दिवस जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळतात. दहा वर्षांनी, १ जुलै १८७९ रोजी, कार्ड हिंदुस्थानात आलं. ते लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीने छापलं होतं, त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता आणि किंमत होती पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. पाकिटाला अर्धा आणा पडे. कार्डाने तो खर्च निम्म्यावर आणला.

नव्या वस्तूवर आक्षेप येणारच. पोस्टकार्डावरचा आक्षेप असा, की ते उघडं असतं. नोकर वाचेल, शेजारी वाचेल, पोस्टमन तर वाचेलच. मराठी माणसाने या अडचणीची सोयच करून टाकली. एक तर ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हतं, तिथे पोस्टमनने वाचून दाखवणं हाच कार्ड पोचण्याचा भाग होता. दुसरं म्हणजे, काही गोष्टी अक्षरांवाचून सांगायची रीत पडली. कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं कार्ड आलं, की मंगलकार्य. कोपरा फाडलेलं कार्ड आलं, की मजकूर वाचण्याआधीच घर समजून चुकायचं. असं कार्ड वाचून झाल्यावर घरात ठेवत नसत. त्यामुळे कुणाच्या जुन्या गठ्ठ्यात कोपरा फाटलेलं कार्ड सापडलं, तर संग्राहक जरा थांबतो. हे कार्ड फाडून टाकायला त्या घरातल्या कुणाचा तरी हात धजला नव्हता.

कार्ड आहे १४ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर, आणि त्यातली निम्मी बाजू पत्त्याला जाते. म्हणून मायना आखडला: ‘ती. स्व.’, ‘सा. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ ‘इकडील सर्व क्षेम’ लिहून झालं, की लेखक खऱ्या मजकुराला हात घाले, आणि जागा संपत आली की अक्षर बारीक होत जाई. शेवटचं ‘ता. क.’ तर कडेने उभं लिहिलेलं. ते वाचायला कार्ड हातात फिरवावं लागतं. गंमत अशी, की बहुतेक वेळा मुद्द्याची गोष्ट त्या ता. क. मध्येच असते. वऱ्हाडात गाडीत बसणाऱ्याला ‘पोचल्यावर कार्ड टाकजो’ असं बजावून सांगत. या एका वाक्यात केवढी काळजी असे, हे मोबाइलवर पोचल्याचा निरोप टाकणाऱ्या पिढीला सांगून पटायचं नाही.

आता एखादं जुनं वऱ्हाडी कार्ड भिंगाखाली धरू. मजकूर तूर्त बाजूला ठेवून आधी शिक्का बघायचा. काळ्या शाईच्या वर्तुळात टपाल कार्यालयाचं नाव आणि मधोमध तारीख. इंग्रजी अमदानीतला शिक्का असेल तर अमरावती ‘अमराओटी’ होते, अचलपूर ‘एलिचपूर’, वाशिम ‘बासिम’, यवतमाळ ‘येओटमाळ’. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं शिक्क्यात कोरलं गेलं. एलिचपूर आणि बासिम ही १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्यांची गावं होती. मग एक जिल्हा अमरावतीत गेला, दुसऱ्याचा बराचसा भाग अकोल्यात. वऱ्हाडची स्थिती तर आणखी मजेची. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांच्या हाती गेला, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची राहिली. १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा झाला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. निजामाच्या हैदराबादेत १८६९ पासून स्वतःची टपाल तिकिटं होती. इकडे वऱ्हाडातल्या कार्डावर मुखवटा लंडनच्या राणीचा. मालक एक आणि शिक्का दुसऱ्याचा, हे राजकारण इतिहासाच्या पुस्तकात चार पानं खातं. कार्डावर ते नुसतं बघता येतं.

तोच वऱ्हाड आज पिनकोडात लपून बसलाय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने घडवली, आणि ते स्वतः संस्कृतचे नावाजलेले कवी होते. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचे आकडे जागा आणखी नेमकी करत जातात. आता बघा: बुलडाणा ४४३००१, अकोला ४४४००१, यवतमाळ ४४५००१. अमरावती ४४४६०१ आणि वाशिमही ४४४ मध्येच. ४४३, ४४४, ४४५ हे तीन आकडे शेजारी ठेवले, की जुना वऱ्हाड प्रांत पुन्हा जुळून येतो. नकाशावरून नाव गेलं, पण पत्त्यात मुक्काम कायम आहे.

चित्रांच्या कार्डांची कथा वेगळी. सुरुवातीला एक अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे. त्यामुळे चित्र आणि मजकूर दोघांना उरलेल्या बाजूवर दाटीवाटीने राहावं लागे, आणि लोक चित्रातल्या मोकळ्या आकाशात, समुद्रात, रस्त्याच्या कडेला लिहीत. १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याची बाजू उभ्या रेघेने दुभागून अर्धी मजकुराला दिली. हळूहळू इतर देशांनी तेच केलं. कार्डाच्या पाठीवर रेघ आहे की नाही, एवढ्यावरून संग्राहक त्याच्या वयाचा अंदाज बांधतो, तो यामुळे. याच सुमारास आपले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या रस्त्यावरची माणसं पोस्टकार्डांसाठी रंगवत होते. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले धुरंधर जे. जे. स्कूलमधले नामवंत. त्यांची मोठी चित्रं धनिकांच्या भिंतींवर गेली. पोस्टकार्डांवरची मोलकरीण किंवा फेरीवाला मात्र थोड्या पैशांत कोणाच्याही घरी येऊ शकत होता. ज्यांचं चित्र कोणी काढलं नसतं, अशा माणसांना या स्वस्त तुकड्यावर जागा मिळाली.

संग्राहकांमध्ये ‘मॅक्सिमम कार्ड’ नावाचा एक प्रकार आहे. चित्राचं पोस्टकार्ड घ्यायचं, चित्राच्याच बाजूवर त्या विषयाचं तिकीट लावायचं आणि त्यावर त्या विषयाशी नातं असलेल्या गावाचा शिक्का मारून घ्यायचा. चित्र, तिकीट, शिक्का, तिन्ही एकच गोष्ट बोलले पाहिजेत. अशा कार्डासाठी वलगावइतकं योग्य गाव शोधून सापडणार नाही. शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. १९९८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. पेढीच्या पुलाचं किंवा तिथल्या निर्वाणभूमीचं चित्र असलेलं कार्ड, त्यावर बाबांचं तिकीट आणि त्यावर वलगावचा २० डिसेंबरचा शिक्का. विषय, जागा आणि तारीख एका ठिकाणी! तिकीट जुन्या तिकिटांच्या विक्रेत्याकडे शोधावं लागेल. चित्राचं कार्ड बाजारात मिळालं नाही, तर स्वतः फोटो काढून जाड कागदावर छापून घेता येईल. खिडकीतल्या माणसाला ‘शिक्का जरा ठळक मारा हो’ एवढी विनंती करायची, आणि त्या दिवशी रविवार नाही ना, तेवढं आधी बघून ठेवायचं. ज्या माणसाने स्वतःसाठी गाडगं आणि चिंध्यांपलीकडे काही साठवलं नाही, त्याच्या आठवणीचा संग्रह करायला कार्डाएवढी कमी जागा घेणारी वस्तूच शोभते.

कार्डांच्या या छंदात अनोळखी माणसांचा मोठा वाटा आहे. २००५ साली पाउलो मगाल्याएस या पोर्तुगीज तरुणाने ‘पोस्टक्रॉसिंग’ सुरू केलं. त्यात तुम्हाला जगातल्या कुणाचा तरी पत्ता मिळतो, त्याला तुम्ही कार्ड पाठवायचं. ते पोचलं, की तिसराच कुणीतरी तुम्हाला पाठवतो. ज्याला दिलं त्याच्याकडून परत येत नाही, तरी देवाणघेवाण बरोबर होते. आतापर्यंत सात कोटींहून अधिक कार्डं अशी फिरली आहेत. फिनलंडमधली शिक्षिका किंवा तैवानमधला विद्यार्थी त्यात लिहितो काय? बर्फ वितळायला लागलं. मांजर खिडकीत बसलंय. आज दुपारी शेवयांचं सूप केलं. कार्डावर तेवढंच मावतं, आणि म्हणून लिहिणाऱ्याला दिवसभरातली एकच गोष्ट निवडावी लागते. निवडायची म्हटली, की आधी बघावी लागते. कार्ड लिहिणारा माणूस दिवसभर जरा जास्त उघड्या डोळ्यांनी फिरतो, ही या छंदाची खरी कमाई.

कार्डं सांभाळणं अवघड नाही, फक्त वऱ्हाडच्या उन्हाचा मान राखावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा रबरबँड वितळून कार्डांना चिकटतो, म्हणून गठ्ठा सुती दोऱ्याने बांधावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन्हींनी कार्ड कायमचं बिघडतं. पावसाळ्यात ओल आणि कसर सांभाळायची. डबा भिंतीपासून दूर ठेवायचा आणि अधूनमधून कार्डांना सावलीत वारा द्यायचा. पाठीवर शाईने नोंद करू नये, पेन्सिलने करावी. सुरुवातीला पैसे तर मुळीच टाकू नयेत. आजीच्या ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या मध्ये, तारेच्या आकड्यात अडकवलेल्या बिलांच्या खाली कार्डं असतात. रद्दीत जाण्याआधी फक्त मागून घ्यायची.

आणि लिहायची. काय लिहावं सुचत नाही, अशी तक्रार असते. जुनी कार्डं वाचली की एक गोष्ट हटकून ध्यानात येते: लेखकाने जे मनापासून मोठं म्हणून लिहिलं, ते आशीर्वाद आणि उपदेश सगळ्या कार्डांवर सारखेच आहेत. जे केवळ जागा भरायला लिहिलं, तेच आज हातातून खाली ठेववत नाही. पाऊस लांबला. म्हशीला पारडी झाली. कापसाचा भाव उतरला. सरकीच्या तेलाचा डबा पाठवतो. लिहिणाऱ्याला या ओळी फुटकळ वाटल्या असतील. आपल्याला त्या सोडून दुसरीकडे कुठेच त्या दिवसाचा पत्ता लागत नाही. तेव्हा थोर विचार सुचेपर्यंत थांबू नका. वलगावच्या बाजारात आज वांगी काय भावाने मिळाली, दर्यापूरची एसटी किती उशिरा आली, संध्याकाळी पेढीला पाणी होतं का, एवढं लिहा आणि तारीख घाला. पिनकोड सहाही आकड्यांत लिहा, नाहीतर कार्ड उगाच चार गावं फिरून येईल. अर्थात तसं झालं, तर वाटेतले शिक्के संग्राहकाच्या पथ्यावरच पडतील.