गाडी गटाची, मिस्त्री भरवशाचा

काटोल-नरखेडचा संत्रा असो की भिवापूरची मिरची, माल कळमन्याच्या बाजारात न्यायचा म्हटलं की गाडी लागते. 2017 साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली ती याच विचाराने, की गावातली प्रवासी गाडीही बचत गटाच्या ताईंनी चालवावी. पण गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. म्हणून इमानदार मिस्त्री कसा ओळखायचा, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, मिस्त्री गाडी चांगली असतानाच शोधा. रस्त्यात बंद पडली की मिळेल त्याचे पाय धरावे लागतात. भाजीवाले, दूधवाले, शाळेच्या गाड्या चालवणारे यांना विचारा. त्यांची गाडी रोज चालते, त्यामुळे कोणाचं काम टिकतं हे त्यांना ठाऊक असतं. मग नव्या मिस्त्रीला आधी लहान काम द्या. ऑइल बदलायला सांगा. डब्याचं सील तुमच्यासमोर फोडतो का, जुना फिल्टर काढून दाखवतो का, ते बघा.

दुसरी गोष्ट, आपण डॉक्टर होऊ नका. "क्लच प्लेट बदलून द्या" असं सांगितलं, तर तो बदलून देणारच. "चढावर गाडी ओढत नाही, गिअर अडकतो" अशी तक्रार सांगा आणि दोष त्याला शोधू द्या. आमच्या ओळखीच्या एका गटाला एका गॅरेजने क्लचचं पूर्ण काम सांगितलं होतं. अध्यक्षताईंनी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं, तर क्लचची केबल झिजलेली निघाली. केबल बदलली आणि गाडी दुसऱ्याच दिवशी बाजाराला गेली. मोठा खर्च निघाला की दुसरं मत घ्यायचं. यात कोणाचा अपमान नाही.

तिसरी गोष्ट, कागद. काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून घ्या. पार्टचे किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळं लिहायला सांगा. त्याबाहेरचं काम निघालं तर आधी फोन, मग पाना, हे ठरवून टाका. पार्ट कंपनीचा आहे की लोकल, ते विचारा आणि खोक्यावरची छापील किंमत बघा. काढलेला जुना पार्ट परत मागा. बॅटरी बदलली तर जुनीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. ते झाले का पाहा आणि वॉरंटी कार्डावर तारीख टाकून घ्या. शेवटी पक्कं बिल.

हे सगळं एकट्या ड्रायव्हरवर सोडू नका. गटातली एक ताई सोबत जाऊ द्या. गटाच्या कपाटात गाडीची वेगळी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काम, पार्ट, मजुरी एवढं लिहिलं तरी पुरे. तोच पार्ट पुन्हा लवकर बदलला, तर वही आपोआप बोलते.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण तिथे तोंडी बोलणं चालत नाही, बिल लागतं.

आणि एक, स्वस्त म्हणजे इमानदार नव्हे. जो "हे अजून सहा महिने चालेल, आत्ता बदलू नका" असं सांगतो, तो स्वतःची कमाई सोडून तुमचा विचार करतो. असा मिस्त्री भेटला की त्याची मजुरी घासाघीस न करता वेळेवर द्या आणि त्याचं नाव शेजारच्या गटालाही सांगा. भरवसा दोन्ही बाजूंनी जपावा लागतो.

येत्या बैठकीत गाडीच्या वहीचं पहिलं पान उघडा.