प्लंजरची जोडी

बँकेत असताना ऑइल इंजिनांसाठी कितीतरी कर्जं मंजूर केली. पण उघडलेलं इंजिन पाहिलं ते एका थकबाकीदाराच्या विहिरीवर. ऊस वाळत होता आणि इंजिन नुसता पांढरा धूर सोडत होतं. मिस्त्रीनं पंपातला प्लंजर माझ्या हातावर ठेवला. करंगळीएवढा! डिझेलला ठिणगी नसते. दाबानं तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा उडाला, तरच पेट घेतं. प्लंजर झिजला की फवारा संपला. शेतकऱ्यानं तालुक्याहून स्वस्तात नुसता प्लंजर आणला होता.

"साहेब, बॅरलसकट जुळवलेली जोडी लागते. एकटा चालत नाही."

जोडीचे पैसे आदल्याच आठवड्यात मी हप्त्यात वसूल केले होते. मग जोडी मीच आणली. नळीतली हवा काढून हँडल मारलं. इंजिन धडधडलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे पाटाच्या पाण्यामागं धावले.