लहान घरातील साठवण आणि मराठी शब्द

मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे. एवढ्या जागेत माणसांना जमीन मोकळी ठेवावयाची, तर साठवण उंचीकडेच न्यावी लागते. हे तत्त्व गावाकडील जुन्या घरांतही होते. तेथील साठवणवाचक शब्द त्याची साक्ष देतात. ‘कोनाडा’ भिंतीच्या जाडीतच जागा काढतो. ‘शिंके’ आढ्याला टांगलेले असल्याने जमीन न अडविता दूधदुभते मांजरापासून राखते. ‘उतरंडी’त मोठ्या मडक्यावर लहान मडके रचीत गेल्यामुळे तळच्या एका मडक्याइतक्या जागेत अनेक मावतात. मात्र तळचे काढावयाचे, तर वरची सर्व उतरवावी लागतात. म्हणून नित्य लागणारा जिन्नस वर व क्वचित लागणारा तळाशी ठेवणे सोयीचे.

‘जातींची उतरंड’ या रूढ प्रयोगात हीच रचना अभिप्रेत आहे : सर्वांचा भार तळच्यावर पडतो. मडक्यांची उतरंड न पाहिलेल्या वाचकास हा प्रयोग केवळ ‘क्रम’ या अर्थी कळेल आणि त्यातील भार निसटेल. म्हणून असे शब्द नोंदविताना अर्थाबरोबर वस्तूची रचना व वापरही नोंदविणे अगत्याचे आहे.