जुन्या जीपला ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स: ऐकीव काय, खरं काय

पुण्यात दारी जुनी जीप असली की एक सल्ला हमखास मिळतो: नाना पेठेत जा, पिकअपचा नाहीतर छोट्या ट्रकचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स शोध, आणि टाक बसवून. सल्ला अगदीच निराधार नाही. अमेरिकेत हॉट रॉडवाल्यांनी १९३०च्या दशकातल्या फोर्ड गाड्यांना १९५०च्या दशकातल्या एफ-१०० ट्रकचे बॉक्स बसवले, ते चाललेही. आपल्याकडे महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. पुढे सीजे-३बी घडणीच्या जीप इतकी वर्षं बनत राहिल्या की जुन्या गाडीला नवा बॉक्स ही इथली रोजची गरज झाली. अडचण आहे ती या सल्ल्याला चिकटलेल्या समजुतींची. स्टेअरिंगच्या बाबतीत चुकीची समजूत घाटात जिवावर बेतू शकते.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की स्टेअरिंगला प्ले आला म्हणजे बॉक्स गेला. सीजे-३बीची रचना बघा. बॉक्सचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक ढकलतो. ड्रॅग लिंक चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेल क्रँकला फिरवते. बेल क्रँकपासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. टाय रॉडचे एंड, बेल क्रँकची पिन आणि बुश, नकलमधली किंगपिनची बेअरिंगं यांतली प्रत्येक जागा थोडी थोडी झिजते आणि त्या सगळ्यांची बेरीज तुमच्या हातात येते. त्यात बेल क्रँक पार पुढे आणि खाली. पावसाळ्यातला चिखल पहिला तिलाच लागतो आणि ग्रीसची आठवण मात्र तिथे शेवटी होते.

तपासणीला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. गाडी जमिनीवरच उभी हवी, जॅकवर नको. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवायचं. चाकं वळवायची नाहीत, फक्त प्लेपुरतं हलवायचं. दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, असं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं पुढच्या भागावर पडेल. सांधा ठीक असेल तर दोन्ही भाग एकत्र हलतात. झिजलेला असेल तर एक भाग हलतो, दुसरा क्षणभर जागेवरच राहतो, आणि ती टिचकी बोटाला स्पष्ट जाणवते. बेल क्रँकशी ती जाणवली तर हजारो रुपयांचा बॉक्स आणूनही जीप रस्त्यावर तशीच भटकेल. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. १७ इंच व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर हे साडेचार इंचांच्या आसपास भरतं. कायद्याची मर्यादा इतकी सैल आहे. त्यापलीकडे गेलेली गाडी ताम्हिणी घाटात नेणं मला अक्षम्य वाटतं.

प्ले खरोखर बॉक्समध्येच निघाला, तरी वरचा स्क्रू आवळून भागत नाही. बॉक्स सरळ चालीच्या जागी मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेला असतो, आणि आयुष्यभर सर्वांत जास्त झीजही तिथेच होते. झिजलेला मधला भाग घट्ट होईस्तोवर स्क्रू आवळला की टोकांना, जिथे झीज कमी, तिथे बॉक्स अडकतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होईनासं झालं, तर कोणीतरी असा स्क्रू पिळला आहे का ते आधी बघावं.

आता बॉक्स बदलायचाच म्हटलं तर ‘जितका मोठा ट्रक, तितकं उत्तम स्टेअरिंग’ हा पुढचा समज. बॉक्सचा रेशो २४ ला १ असेल आणि ड्रॉप आर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत ७५ अंश फिरत असेल, तर स्टेअरिंगचे पाच पूर्ण फेरे होतात. रेशो १६ ला १ असेल तर तीन फेऱ्यांहून थोडे जास्त. पाच फेऱ्यांचं स्टेअरिंग पार्किंगमध्ये हलकं लागतं, पण घाटातल्या यू वळणावर हात पुरत नाहीत. ड्रॉप आर्म लांब केला तर गाडी चटकन वळते, पण स्टेअरिंग जड होतं. शिवाय ट्रकचा बॉक्स ट्रकच्या जाड चासीवर बसलेला असतो. जीपच्या पातळ पत्र्याच्या चासीवर तोच बॉक्स नुसत्या चार बोल्टवर टांगला, तर चाक खड्ड्यात जाताना प्रत्येक वेळी चासीला पीळ बसतो आणि काही काळाने बोल्टच्या भोकांपासून तडे निघतात. आतून-बाहेरून प्लेट हवी, आणि बंद चासीत बोल्ट आवळताना पत्रा दबू नये म्हणून आरपार नळीचे तुकडे हवेत.

बाहेरदेशी बॉक्स मागवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकेतलं स्टेअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. डाव्या बाजूसाठी बनलेल्या बॉक्सचा शाफ्ट उजव्या बाजूला काढायला तो उताणा केला आणि आर्म पुन्हा खाली लोंबता ठेवला, तर आर्मची चाल उलटी होते: पुढची जोडणी त्याला जुळणारी नसेल, तर स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते.  आर्म कुठे जोडायचा यात फेरफार करून दिशा सुलटवता येते, पण मग ड्रॅग लिंकचा कोन बिघडतो. त्यापेक्षा इथल्याच उजव्या स्टेअरिंगच्या गाडीचा बॉक्स घ्यावा. पुण्याला तर त्याची वाणच नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला झेडएफ स्टेअरिंग गिअर ही १९८१ सालची कंपनी व्यावसायिक गाड्यांची स्टेअरिंगंच बनवते.

ड्रॅग लिंकचा कोन हा हौशी लोकांना सर्वांत कमी कळलेला भाग आहे. बेल क्रँक काढून ड्रॅग लिंक थेट चाकाकडे नेली, तर ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतो तो एका कमानीत आणि ड्रॅग लिंकचं टोक फिरतं ते दुसऱ्या. या दोन कमानी शक्य तितक्या जुळवाव्या लागतात. बॉक्स चार इंच पुढे किंवा खाली सरकला की जुळणी मोडते. मग सपाट रस्त्यावर सगळं सुरळीत, आणि स्पीडब्रेकर आला की हात स्थिर असूनही गाडी बाजूला झटका देते. सोसायटीच्या आवारातल्या चकरांत हा दोष कधीच कळत नाही.

‘ड्रॉप आर्म बसत नाही? कापून वेल्ड करून घे’ हे तर कोणी ऐकूच नये. आर्म घडीव पोलादाचा असतो आणि कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून त्याला ताकद दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळची ती ताकद जाते आणि वरून ग्राइंडर फिरवला की दिसायला सगळं छान. तुटतो तेव्हा मात्र पूर्वसूचना देत नाही. योग्य लांबीचा घडीव आर्म मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल. टाय रॉड एंडचा टेपर पूर्ण बसलेला हवा आणि नटाला स्प्लिट पिन हवीच.

इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंग लॉक होतं, ही भीती मात्र सोडून द्यावी. बॉक्समधली यांत्रिक जोडणी तेलाच्या दाबाशिवायही कायम असते. स्टेअरिंग जड होतं, पण गाडी वळते. उलट दोन युनिव्हर्सल जॉइंटच्या शाफ्टचा नवा बॉक्स एका बाबतीत जुन्याहून सुरक्षित आहे. जुन्या जीपमध्ये बॉक्सपासून छातीपर्यंत एक सलग सरळ दांडा येतो आणि समोरासमोरच्या धडकेत तो चालकावरच सरकू शकतो.

कायद्याचं थोडक्यात. स्टेअरिंग बॉक्स आरसी बुकात लिहिलेला नसतो, म्हणून कोणी विचारणार नाही, असं धरून चालू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. बॉक्ससाठी चासी कापण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत लेखी विचारून घ्यावं.

बॉक्स बसल्यावर रस्त्यावर जाण्याआधी स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघावं. आधी नकलवरचा स्टॉप लागला पाहिजे, बॉक्सची आतली मर्यादा नंतर. उलटं होत असेल तर पॉवर स्टेअरिंगचा सगळा जोर बॉक्सच्याच आतल्या भागांवर पडतो, तेव्हा नकलचे स्टॉप बोल्ट तिथेच लावून घ्यावेत. टायर पाट्याला किंवा ब्रेकच्या होजला घासतो का, तेही त्याच वेळी बघावं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर चासीवरचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंच लावून तपासावेत आणि भोकांभोवतीचा रंग पुसून तडा दिसतो का ते उजेडात बघावं.