कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं?

१९९७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर ३’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम आणला आणि र्‍यू-केन सोडून आधीच्या भागांतल्या जुन्या पात्रांना घरी बसवलं. चुन-ली नाही, गाइल नाही. नवी पात्रं सुरेख रेखाटलेली होती, तरी चाहते हळहळले. १९९९ च्या आवृत्तीत चुन-ली परतली.

हा निर्णय एवढा नाजूक का? कारण प्रत्येक पात्र म्हणजे खेळण्याची वेगळी रीत. गाइलचंच बघा. जॉयस्टिक क्षणभर मागे दाबून धरायची, मग झटकन पुढे करून ठोसा मारायचा; तेव्हा कुठे त्याचा ‘सोनिक बूम’ सुटतो. म्हणजे गाइल घेणारा दबा धरून बसणार, समोरच्याला चाल करायला लावणार. झांगिफला मात्र थेट अंगाशी भिडावं लागतं. असं पात्र वगळलं, की वर्षानुवर्षं घोटवलेली हाताची सवयच वाया जाते.

शिवाय गणित आहे. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये निवडायला ८ पात्रं होती. त्यांच्या आपसातल्या जोड्या २८. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये सुरुवातीलाच १८ पात्रं, म्हणजे जोड्या १५३! एकोणिसावं आलं, की आणखी १८ लढतींत कुणाचं पारडं फार जड होत नाही ना, ते तपासायचं.

या सहाव्या भागाची निवड मला मनापासून पटते. मूळचे आठही जण आहेत, चौघे मधल्या भागांतले आणि सहा अगदी नवे. धिप्पाड इटालियन मारिसा त्या सहांतलीच. तिचे काही ठोसे बटण दाबून धरलं की जास्त जोरात बसतात.