पालकांचा अधिकार आणि शिक्षकाचे क्षेत्र

पाल्याचा अर्धा गुण कापला गेला म्हणून वर्गशिक्षकाकडे रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर जाब मागणारा पालक हा शाळेचा वैरी नसतो. परीक्षांच्या स्पर्धेने त्याची चिंता अनावर झालेली असते. तथापि कायद्याने त्याला दिलेला अधिकार निराळ्या स्वरूपाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये, विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही सरकारी शाळांत त्या समितीची कामे होत. तर मुलाची हजेरी, आकलनक्षमता व प्रगती यांची माहिती पालकांना नियमित बैठकांतून देणे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. अभ्यासक्रम व मूल्यमापनाची पद्धत मात्र कलम २९ ने शैक्षणिक प्राधिकरणाकडे सोपविली आहे. शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ झाल्यास कलम १७ चा आधार घेऊन तक्रार केलीच पाहिजे, तेथे भीड नको. एरवी आईबापांनी प्रत्येक तंट्यात वकिली पत्करली, की शंका घेऊन स्वतः गुरुजींसमोर उभे राहण्याचे धैर्य मूल गमावते, आणि शिक्षकही, हे मला अधिक शोचनीय वाटते, तक्रार येणार नाही एवढ्याच बेताने शिकवू लागतो.