व्हर्च्युअल असिस्टंट : पहिलं गिऱ्हाईक गावातलं

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे पगारी नोकर नव्हे. घरी बसून, तासावर किंवा महिन्याच्या ठरावीक रकमेवर दुसऱ्यांची कार्यालयीन कामं करून देणारा व्यावसायिक. काम ऑनलाइन असलं तरी पहिली गिऱ्हाइकं जवळपासच शोधावीत, कारण कुणाची धांदल कधी उडते हे गावात आधीच ठाऊक असतं. जीएसटीचं विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २०. त्याआधीच्या आठवड्यात दुकानदाराची निम्मी बिलं कॅरीबॅगेत असतात, निम्मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तिरक्या फोटोंत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटिसा, सभासदयादी, इतिवृत्त हे सारं बहुधा बिनपगारी सचिवाच्या गळ्यात. म्हणून दुकानदारांची विवरणपत्रं भरणाऱ्या सीएला महिन्याच्या पहिल्या दिवसांत गाठावं, सोसायटीच्या सचिवाला जुलैत.

परदेशी गिऱ्हाईक जास्त पैसे देतं, हा आक्षेप बऱ्याचदा खरा. पण न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ ते साडेदहा तास, आणि तिथं शब्द टाकणारं कुणी नसतं. इथं एका सीएच्या हाताखाली अनेक दुकानं असतात. ‘कागद परक्याच्या हाती कसे द्यायचे?’ ही शंकाही रास्त. त्यावर उपाय लेखी गोपनीयता करार आणि मालकाचा पासवर्ड न मागता घेतलेलं मर्यादित अधिकारांचं लॉगिन.

स्वतःच्या नोंदणीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवाव्यवसायाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.